दिवा अकारण उजळला तर

दिवा मंद झाला म्हणजे घरांतील सर्वांचें तिकडे लक्ष जातें. परंतु तो नेहमींपेक्षां अधिक उजळला तर कोणाची तक्रार नसते. ही समजूत किती घातक आहे, हें आम्हांस एका संध्याकाळीं कळलें.

त्या काळीं आमच्या घरीं जुने तारेचे पिवळे दिवे होते. माजघरांतील दिवा एकाएकीं पांढराशुभ्र झाला. मुलें टाळ्या पिटूं लागलीं. आजी म्हणाली, "दिवाळी लवकर आली कीं काय रे?" इतक्यांत स्वयंपाकघरांत विजेची शेगडी पेटवून बसलेल्या वहिनींनीं हांक मारली, "इकडे तर दिवा काजव्याएवढा झाला आहे!" पाहतां पाहतां माजघरांतील रेडिओंतून धूर निघाला. काकांनीं धांवत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून तेवढ्यावर निभावलें. खांबावरून येणाऱ्या न्यूट्रल तारेचा सांधा सुटला होता.

मोठ्या घरांत विजेचे तीन फेज येतात आणि त्या तिघांना मिळून न्यूट्रल तार एकच असते. प्रत्येक फेज व न्यूट्रल यांमध्यें २३० व्होल्ट दाब असतो. दोन फेजांमध्यें मात्र तो सुमारें ४०० असतो. न्यूट्रल तुटली कीं निरनिराळ्या खोल्यांतील उपकरणें हे ४०० व्होल्ट आपसांत वांटून घेऊं लागतात, आणि ही वांटणी सारखी नसते. जेथें शेगडी किंवा गीझर चालू असेल तेथें दाब उतरतो. जेथें एखादाच दिवा असेल तेथें तो ३०० च्याही वर चढूं शकतो. दाब दीडपट झाला तर तापणाऱ्या तारेंतील उष्णता सुमारें सव्वादोनपट होते. उतरलेला दाबही निरुपद्रवी नव्हे. फ्रीजची मोटर सुरू होऊं न शकल्यानें तापून जळते. फ्यूजवर विसंबून चालत नाहीं; तो प्रवाह अति झाल्यास वितळतो, केवळ दाब चढल्यानें नव्हे.

पंप सुरू होतांना दिवा क्षणभर मिचकला तर भिण्याचें कारण नाहीं. सुरुवातीस मोटर नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. रोज संध्याकाळीं सर्वच दिवे मंदावत असतील तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी. परंतु एका खोलींत उजेड वाढला व दुसरींत घटला, अथवा एकाच फेजच्या घरांत आपला दिवा उजळून शेजाऱ्यांचा मंदावला, तर विचार करीत बसूं नये. आधीं मेन स्विच बंद करावा, मग कंपनीस कळवावें. तारेस स्वतः हात लावूं नये. तुटलेल्या न्यूट्रलचाही जीवघेणा धक्का बसतो.

आजचे पुष्कळसे एलईडी दिवे दाब बदलला तरी सारखेच तेवतात. त्यामुळें पूर्वीच्या दिव्याकडून मिळणारी इमानी सूचना आतां मिळेलच असें नाहीं. पंख्याचा वेग एकाएकीं वाढणें, फ्रीजचा घुमणारा आवाज, ह्यांकडे लक्ष असावें. आणि दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें उपकरण जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावें.

शेवटीं एक गोष्ट, जिला कांहींच खर्च नाहीं. त्या दिवशीं काका घरीं होते हें आमचें दैव. वहिनींना त्या घरांत येऊन बारा वर्षें झालीं होतीं. पण मेन स्विच कोठें आहे, हें त्यांना कोणीं कधीं दाखविलेंच नव्हतें.