धुऱ्यावरची क्षमा

प्रार्थना कशी करायची, हे येशूच्या शिष्यांनाही विचारावं लागलं होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात ते आहे. उत्तरादाखल मिळालेली प्रभूची प्रार्थना अमरावतीच्या कॅथलिक चर्चमध्ये म्हणतात, तशीच अकोल्याच्या अलायन्स चर्चमध्येही. आधी देवाचं नाव आणि राज्य, मग रोजची भाकर, मग क्षमा. नवख्याला ती लवकर पाठ होते, पण क्षमेपाशी जीभ अडखळते. धुऱ्याच्या भांडणात अबोला धरलेला भाऊ आठवतो. तिथं खुशाल थांबावं. खरी प्रार्थना तिथूनच सुरू होते, असं मला मनापासून वाटतं. आणि तिच्यासाठी आपलीच बोली पुरते: 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगातून आळवलं. तेव्हा पुस्तकी शब्द सुचत नाहीत म्हणून गप्प बसू नका. आपल्या वऱ्हाडीतच बोला.