भोंगा वाजला, पण धावून कोण येणार?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांना आज वर्षातून जेमतेम पंधरा दिवस माणसांची सोबत लाभते. चतुर्थीला दारे उघडतात, माटोळी सजते आणि विसर्जनानंतर मुंबईकडे, पुण्याकडे किंवा आखाताकडे परतणारी मंडळी कुलूप लावून निघून जातात. पूर्वी चावी शेजारी ठेवली जाई आणि तुळशीपुढे दिवा लावण्याचे काम वाड्यावरचेच कोणीतरी आपुलकीने करी. आता शेजारचे घरही बंद असते, किंवा तेथे एखादे वृद्ध जोडपे एकटेच राहत असते. अशा वेळी घराला धोक्याची घंटा बसवून तिची देखरेख एखाद्या कंपनीकडे सोपविण्याचा विचार अनेक कुटुंबे करू लागली आहेत. ही सेवा कोणत्या निकषांवर निवडावी, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झालेली नाही.

या मागणीमागे ठोस कारणे आहेत. 5 जानेवारी 2023 रोजी मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि पेडणे तालुक्याचा चेहरामोहरा झपाट्याने बदलू लागला. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीत वर्षातील बहुतेक दिवस बंद असणारे बंगले वाढले. डिचोलीत खाणी 2012 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर 2018 मध्ये पुन्हा थंडावल्या, तेव्हा अनेक घरांतील तरुणांना रोजगारासाठी बाहेर पडावे लागले. त्यातच 2025 साली दोनापावला आणि म्हापसा येथे घरातील माणसांना बांधून घालून झालेल्या दरोड्यांनी साऱ्या राज्याला हादरा दिला. पणजी-म्हापशासारख्या ठिकाणी हे घडते, तर आडवाटेवरील एकाकी घराचे काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

बाजारात मिळणाऱ्या सेवांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात घंटा वाजली की संदेश थेट मालकाच्या मोबाईलवर येतो. पुढचे सारे त्याने पाहायचे. दुसऱ्या प्रकारात संदेश कंपनीच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तेथील कर्मचारी मालकाला, नातेवाइकांना व पोलिसांना दूरध्वनी करतात. तिसऱ्या प्रकारात कंपनीचे स्वतःचे रक्षक घरापर्यंत पोहोचतात. विक्रेता बहुधा कॅमेऱ्याची स्पष्टता आणि भोंग्याचा आवाज यांवरच बोलत राहतो. ग्राहकाने मात्र पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा : मध्यरात्री घंटा वाजली तर माझ्या दारात प्रत्यक्ष कोण उभे राहील आणि किती वेळात?

या प्रश्नात एक तांत्रिक मेख आहे. आपत्कालीन 112 हा क्रमांक देशभर एकच असला, तरी तो फिरवणारा माणूस ज्या राज्यात असेल त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाशी जोडला जातो. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असेल आणि तेथील कर्मचाऱ्याने घाईघाईत 112 फिरवला, तर दूरध्वनी कर्नाटकच्या कक्षात जाईल. पेडण्यातील घरासाठी तो निरुपयोगी. म्हणून पेडणे, मांद्रे, मोपा किंवा डिचोली यांपैकी आपल्या हद्दीतील पोलीस स्थानकाचा थेट क्रमांक कंपनीच्या नोंदीत आहे का, याची खात्री करून घ्यावी. पत्ता कसा नोंदला आहे, तेही पाहावे. आपल्याकडे घर ओळखले जाते ते वाड्याच्या नावाने, देवळाच्या खुणेने आणि वडाच्या पाराने. 'घर क्रमांक अमुक, हरमल' एवढ्या पत्त्यावर रात्री दोन वाजता कोणतेही वाहन पोहोचणार नाही. नकाशावरील नेमके स्थान आणि शेवटच्या वळणाची खूण नोंदवून घ्यावी. तेथील कर्मचाऱ्याला मराठी किंवा कोकणी समजते का, हेही विचारावे. घाबरलेली आजी दूरध्वनीवर हिंदी किंवा इंग्रजीची जुळवाजुळव करीत बसणार नाही.

भूगोलही विसरून चालणार नाही. तेरेखोल हे गाव गोव्याचे असले तरी नदीपलीकडे आहे. केरीची फेरीबोट बंद असेल तेव्हा मदतीला महाराष्ट्रातून वळसा घालून यावे लागते. पेडण्याला पत्रादेवीची आणि डिचोलीला दोडामार्गची सीमा जवळ आहे. चोरट्याला राज्याबाहेर निसटण्यास फार वेळ लागत नाही. त्यामुळे येथे देखरेख सेवेचे खरे मोल ती वाड्यावरील दोन-तीन विश्वासू माणसांपर्यंत किती लवकर पोहोचते, यावर ठरते. करारात चावी असणाऱ्या व्यक्तींची यादी असते. ती केवळ रकाना भरण्यासाठी लिहू नये. त्या माणसांना विचारून, त्यांची संमती घेऊन लिहावी. मात्र त्यांनी एकट्याने आत शिरायचे नाही, दुरून पाहून पोलिसांना कळवायचे, हेही आधीच ठरवावे.

दुसरा प्रश्न खोट्या इशाऱ्यांचा. कौलांवर उड्या मारणारी माकडे, राजांगणात फिरणारी मांजरे, वाऱ्याने हलणारी खिडकी, यांपैकी काहीही संवेदकाला चोर वाटू शकते. अमेरिकेतही पोलिसांपर्यंत येणाऱ्या अशा इशाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक खोटे असल्याचे आढळले आहे. म्हणूनच सॉल्ट लेक सिटीने 2000 साली, घटनेची कोणीतरी खातरजमा केल्याखेरीज पोलीस न पाठविण्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये बारा महिन्यांत तीन खोटे इशारे गेले, तर त्या घराला मिळणारा तातडीचा पोलीस प्रतिसाद काढून घेतला जातो. आपल्याकडे असा नियम नसला, तरी दहा वेळा फसलेले शेजारी अकराव्या वेळी पांघरुणातून उठत नाहीत. म्हणून इशारा आल्यावर कंपनी चित्राद्वारे किंवा दुसऱ्या संवेदकाद्वारे खातरजमा करते का, हे विचारणे अगत्याचे आहे.

तिसरा प्रश्न वीज आणि संपर्काचा. मृगाच्या सरी सुरू झाल्या की वीज जाते आणि तिच्याबरोबर घरातील इंटरनेटही जाते. यंत्रणेला स्वतःची बॅटरी हवी, संदेश पाठविण्यासाठी इंटरनेटखेरीज मोबाईल सिमचा दुसरा मार्ग हवा आणि विजांपासून बचावासाठी योग्य अर्थिंग हवे. याहून महत्त्वाचे म्हणजे नियंत्रण कक्षाने ठरावीक अंतराने यंत्राची हजेरी घ्यायला हवी. तार कापली गेली आणि यंत्र गप्प झाले, तर ते गप्प झाल्याचेही कोणाला तरी कळले पाहिजे. ही हजेरी किती मिनिटांनी की किती तासांनी घेतली जाते, हे लेखी मागावे. तसेच जुन्या घरांत चोर दाराने येतोच असे नाही; कौले काढूनही तो आत उतरतो. केवळ दारे-खिडक्यांना संवेदक लावून अशा घराचे रक्षण होत नाही. घरात वृद्ध एकटे असतील, तर गळ्यात किंवा उशाशी ठेवता येणारे संकटकाळचे बटण साऱ्या कॅमेऱ्यांहून उपयुक्त ठरते.

करार वाचताना उपकरणे भाड्याची की मालकीची, सेवा सोडल्यास ती दुसऱ्या कंपनीशी जोडता येतील का, मुदतीआधी करार मोडल्यास काय भरावे लागेल आणि सांगितलेल्या शुल्कात 18 टक्के जीएसटी धरला आहे का, हे पाहावे. कंपनी रक्षक पाठविणार असेल, तर खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005 अन्वये तिला राज्यातील नियंत्रक अधिकाऱ्याचा परवाना लागतो. त्याची प्रत मागण्यात संकोच बाळगू नये. घरातील चित्रण कोण पाहते आणि ते किती दिवस साठवले जाते, हाही आपल्या हक्काचा प्रश्न आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली झालेल्या कायद्याचा आधार त्याला आहे.

तथापि सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. 2005 चा कायदा प्रामुख्याने रक्षकांचा विचार करतो. दूर बसून पडद्यावर देखरेख करणाऱ्या सेवांसाठी स्पष्ट नियमांची गरज आहे. गोवा पोलिसांनी अशा कंपन्यांची नोंदणी करून त्यांना स्थानिक नियंत्रण कक्षाशी थेट जोडले, तर गैरसमज आणि विलंब दोन्ही टळतील. पंचायतींनीही दीर्घकाळ बंद असलेल्या आणि एकाकी वृद्धांच्या घरांची माहिती, ती बाहेर फुटणार नाही अशा बेताने, पोलीस स्थानकाला द्यावी.

करारावर सही करण्यापूर्वी एक साधी चाचणी घेता येईल. शेजाऱ्यांना पूर्वकल्पना द्यावी, रात्री मुख्य वीजकळ बंद करावी, दार उघडावे आणि घड्याळ लावून बसावे. पहिला दूरध्वनी किती मिनिटांनी येतो आणि पलीकडचा माणूस आपल्या वाड्याचे नाव नीट उच्चारतो का, एवढ्यावरून निम्मा निर्णय होईल. उरलेला निम्मा शेजारच्या घरात दिवा जळत आहे की नाही, यावर अवलंबून राहील. आणि तो दिवा कोणतीही कंपनी मासिक शुल्क घेऊन लावून देऊ शकत नाही.