सगळे रान एका पिकाखाली नको



कोरडवाहू रानात आपण नुसती कपाशी लावत नाही. मधून तुरीच्या ओळी टाकतो. पावसाने ओढ दिली, बोंडअळी आली, तरी डाळीपुरते घरात येते. ही अक्कल आपल्याला कोणी कॉलेजात शिकवलेली नाही. मग पोरगे दहावी पास झाले की ही अक्कल जाते कुठे?

माझ्या पुतण्याचे सांगतो. दहावीला चांगले गुण पडले. घरात ठरले, डॉक्टर करायचा. अकरावीला नाव एका कॉलेजात घातले, पण फक्त कागदावर. 'परीक्षेपुरते या' असे तिथूनच सांगितले. पोरगा राहिला शहरात, क्लासजवळच्या खोलीवर. दोन वर्षांच्या कापसाची पट्टी क्लास, खोली आणि मेसमध्ये गेली. 'नीट'ला लागत नाही म्हणून गणित सोडले. प्रयोगशाळा पाहिली ती थेट बारावीच्या प्रात्यक्षिकाला. नंबर लागला नाही. मग एक वर्ष रिपीट, म्हणजे दुबार पेरणी. तीही उगवली नाही. शेवटी संभाजीनगरला बी.एस्सी.ला नाव घातले, तेव्हा घरात सहा महिन्यांचे खोलीभाडेसुद्धा उरले नव्हते. दिवाळीला गावी आला तो परत गेलाच नाही. पोरगा ढ नव्हता. नियोजन चुकले ते आम्हा थोरांचे.

आता हिशेब करू. 2024 साली 'नीट'ला देशभरातून 23 लाखांहून जास्त मुले बसली. एमबीबीएसच्या जागा, सरकारी-खाजगी मिळून, 1 लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक. वीसात एकच दाणा उगवणारे बियाणे दुकानदाराने दिले तर आपण त्याच्या दारात जाऊन बसू. इथे मात्र तेच बियाणे सगळ्या रानात पेरतो आणि वर कर्जही काढतो.

डॉक्टर होऊ नये असे मी म्हणत नाही. ज्याला ओढ आहे त्याने जरूर परीक्षा द्यावी. पण आंतरपीक ठेवा. विज्ञान घेतले तर, पेलत असेल तर, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. राज्याच्या सीईटीतून अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी यांची दारे उघडी राहतात. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आपल्या उशाला आहे. कला-वाणिज्यही कमी नाही. नाव कुठेही घाला, पण पोरगे रोज वर्गात बसेल अशाच ठिकाणी घाला.

दुसरी गोष्ट कागदांची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता हे निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत. अकरावीतच तयारीला लागा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कागद नसेल तर हे सगळे दुसऱ्याच्या ताटात जाते. आणि मायबहिणींनो, फी माफ झालेल्या पोरीचे बारावीतच लग्न लावले तर त्या माफीचा उपयोग काय?

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. कापसाची वेचणी दसऱ्यापासून चालते, तेव्हाच बारावीचा अभ्यास भरात असतो. ज्वारी काढणीला येते, तेव्हाच फेब्रुवारीत परीक्षा. मजूर मिळत नाही म्हणून पोराला रानात ओढले की वाफसा जातो. वाफसा गेल्यावर पेरलेले काय उगवते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या एका वर्षापुरती सावड करा, एकमेकांच्या रानात जा, पण पोराला वर्गात राहू द्या.

आणि शेवटचे. क्लासला पैसे देताना त्यातले काही बाजूला ठेवा, विद्यापीठातल्या पहिल्या सहा महिन्यांसाठी. रोप नवीन जागी लावले की आधी मान टाकते. तेव्हाच पाणी द्यावे लागते. पोराचेही तसेच. भाषा नवी, पुस्तके इंग्रजी, गावचे कोणी नाही. महिन्यातून एकदा बापाने जाऊन भेटावे, वसतिगृह पाहावे, मास्तरांशी बोलावे.

1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले. तोवर आपल्या भागातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. त्या पिढीला विद्यापीठ दूर होते. आज ते एसटीच्या टप्प्यात आले आहे, आणि आपली पोरे दारातून परत येत आहेत.

जिल्हा बैठकीत माझा एक प्रस्ताव आहे. प्रत्येक गावात दसऱ्याच्या आत अकरावी-बारावीच्या पोरा-पोरींना आणि त्यांच्या आईबापांना एकत्र बसवा. कोणाचा कोणता दाखला राहिला, कोण कागदावरच्या कॉलेजात अडकले, कोणाला रानातून सोडवायचे, याची यादी करा. दिंद्रुडला ही बैठक माझ्या ओसरीवर होईल. चहा माझा.

— दिंद्रुडचा एक कापूस उत्पादक, ता. माजलगाव, जि. बीड