दुबईचे सोनापूर

मुंबईच्या जुन्या माणसांना ‘सोनापूर’ म्हटले की मरीन लाइन्सची स्मशानभूमी आठवते. दुबईतही एक सोनापूर आहे. सरकारी कागदावर त्या भागाचे नाव मुहैसिना. पण तिथे कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो सोनापूर झाला. आम्ही सहा जण इथल्याच एका खोलीत राहतो.

नव्या माणसाला पहिला महिना जड जातो. कामापेक्षा हिशेबच जास्त छळतो. एक दिरहमचा चहा घेतला तरी मनात त्याचे वीसहून अधिक रुपये होतात आणि घोट कडू लागतो. स्वयंपाक पाळीने करतो. खबूस नावाची रोटी स्वस्त मिळते. सुट्टीच्या दिवशी कुणी ज्वारीचे पीठ आणले तर भाकरी थापतो. त्या दिवशी खोलीत भांडण होत नाही.

पहाटे अंधारातच कामाची बस सुटते. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घ्यायला इथल्या सरकारची बंदी आहे. रात्री आठला खोलीवर यावे, तर घरी साडेनऊ झालेले असतात. लेकरे झोपलेली असतात.

आमच्यातल्या एकाने एजंटाला दीड लाख रुपये दिले. बायकोचे डोरले गहाण टाकले. एजंटाने त्याला भेटीच्या व्हिसावर पाठवले आणि ‘तिथे गेल्यावर कामाचा होईल’ असे सांगितले. अडीच महिने तो बिनपगारी बसला. आम्ही पाच जणांनी त्याला आमच्या ताटातले खाऊ घातले. पुढे काम लागले, पण डोरले अजून सुटलेले नाही.

म्हणून बंधूंनो, आणि विशेषतः भगिनींनो, घरातला माणूस निघण्याआधी कागद तुम्हीही वाचा. भेटीच्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ‘ई-मायग्रेट’वर पाहता येते. नोंदलेल्या एजंटालाही 30,000 रुपये व त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैशाची पावती मागा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर बहुधा ‘ईसीआर’ असा शिक्का असतो. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण मिळते. करारात पगार किती, राहण्याची सोय कुणाची, हे नीट पाहा आणि त्याची एक प्रत घरच्या पेटीत ठेवा.

इथे फेब्रुवारी 2022 पासून नवा कामगार कायदा लागू आहे. त्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो, आणि कामगाराचा पासपोर्ट त्याला अडकवून ठेवता येत नाही. हे ठाऊक असलेला माणूस साहेबापुढे मान वर करून बोलतो.

घरच्यांना एवढेच सांगणे की, आलेल्या पैशातून आधी कर्ज फेडा, मग मुलामुलींची फी भरा. बारशाला, हळदीला मंडप छोटा असला तरी चालेल. आणि घरात कुणी आजारी पडले तर ‘तिकडे त्याला उगाच घोर नको’ म्हणून लपवू नका. आम्ही इतके लांब आलो ते तुमच्याचसाठी. आम्हाला कळू द्या.