फुकटच्या गाण्याचं मोल

डिसेंबर उजाडला की आपल्या निफाड तालुक्यातल्या थंडीचे आकडे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. बागाईतदारांच्या घरी द्राक्षांच्या घडांची काळजी, आणि घरोघरी मुलांच्या सर्दी-खोकल्याची. याच दिवसांत तिकडे पुण्यात गाण्याचा मोठा उत्सव भरतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हे नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. बातमी आपण वाचतो, फोटो पाहतो, आणि "आपल्याला कुठं गाण्यातलं कळतं!" असं म्हणून पान उलटतो. आज मला या वाक्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. कारण त्या उत्सवाला एक बाजू अशीही आहे, की जी "आपल्याला कळत नाही" म्हणणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. शिवाय तिला तिकीट नाही!

आधी थोडी ओळख करून देते. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, मराठी रंगभूमीवरही गाजलेले. १९५२ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. पुष्कळ वर्षं तो रमणबाग शाळेच्या पटांगणावर होत असे. २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होऊ लागला. २०११ साली भीमसेनजी गेले, तेव्हा उत्सवाच्या नावात गुरूंशेजारी शिष्याचंही नाव आलं.

सवाई गंधर्वांच्या आणखी एका शिष्येची आठवण आपण बायकांनी ठेवायलाच हवी. त्या म्हणजे गंगूबाई हनगल. घरसंसार, मुलंबाळं सांभाळून त्या हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला गुरूंकडे शिकायला जात. गाडी पकडायची म्हणजे घरातली कामं त्या वेळेआधी उरकायची. ही धावपळ काय असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!

आता त्या बिनतिकिटाच्या बाजूकडे वळू या. मुख्य मैफली मांडवात असतात. पण उत्सवाच्या दिवसांतच, सकाळच्या वेळी, शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात दोन कार्यक्रम होत आले आहेत: 'षड्ज' आणि 'अंतरंग'. 'षड्ज'मध्ये थोर गायक-वादकांवरचे माहितीपट दाखवतात. 'अंतरंग'मध्ये कलावंतांशी गप्पा होतात. ते कसे शिकले, गुरूंनी काय सांगितलं, रियाज कसा केला, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. प्रवेश सर्वांना खुला. रात्री मांडवात लांबून दिसणारा कलावंत इथं पाच-दहा हातांवर बसून बोलत असतो. एखादी गोष्ट समजावताना तो मधेच दोन ओळी गुणगुणतो, आणि जे पुस्तकात चार पानं वाचून कळलं नसतं ते चटकन कळून जातं.

इतर ठिकाणीही अशी रीत आहे. चेन्नईला डिसेंबरात गाण्याचा हंगाम असतो. १९२८ साली स्थापन झालेल्या तिथल्या म्युझिक अकॅडमीत सकाळी सप्रयोग व्याख्यानं होतात, म्हणजे बोलता बोलता गाऊन दाखवायचं. तिकडच्या कितीतरी सभांमध्ये दुपारच्या वेळी तरुण कलावंतांची गाणी विनामूल्य असतात. पंजाबात जालंधरला हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. ते तर १८७५ पासूनचं. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत भरतं आणि श्रोत्यांकडून पैसे घेत नाही.

या जालंधरच्या संमेलनाशी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचा जवळचा संबंध होता, आणि त्यांचा धागा थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि राजेरजवाड्यांच्या दरबारातलं गाणं साध्या घरांतल्या मुलामुलींसाठी खुलं केलं. पुढं ते नाशिकला येऊन राहिले. तिथं त्यांचा रामनाम आधाराश्रम होता. १९५५ साली अकाली गेलेले त्यांचे गुणी चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ सालचा. लग्नाआधी आपल्यापैकी पुष्कळजणींनी प्रारंभिक आणि प्रवेशिका या ज्या परीक्षा दिल्या, त्या घेणारं मंडळही विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनीच १९३१ मध्ये उभं केलं. तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बाईनं "गाणं आपलं नव्हे" म्हणणं काही बरोबर नाही, हो ना?

पण "विनामूल्य" या शब्दाचा मात्र नीट विचार करायला हवा. दारावर पैसे घेत नाहीत म्हणजे खर्च होत नाही असं नाही. जागेचं भाडं, ध्वनिक्षेपक, सतरंज्या, कलावंताचं येणं-जाणं आणि मानधन, हे कुणीतरी भरत असतंच. आणि ऐकणारीला आणखी एक किंमत मोजावी लागते. ती म्हणजे तिचा वेळ. तिकीट नसलं तरी दुपारचे दोन तास घरातून सुटणं ही आपल्यासाठी तिकिटापेक्षा मोठी बाब आहे.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास इथं पिंपळगावात आम्ही काही जणींनी मिळून एक छोटी बैठक केली. गाण्याच्या एका शिक्षिकेनं दोन तास गाऊन आणि बोलून ऐकायचं कसं ते सांगायचं, एवढाच बेत. आमच्या ओळखीच्या एक वहिनी आल्या होत्या. लग्नाआधी त्यांनी गाण्याच्या तीन परीक्षा दिलेल्या, पेटी माहेरीच राहिलेली. अगदी दाराजवळ, चपलांच्या कडेला बसल्या. साडेतीनला घरून निरोप आला, पाहुणे आलेत. निमूटपणे उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटल्या तेव्हा पहिला प्रश्न, "पुढं काय गायल्या हो बाई?" मी सांगितलं, मुलतानी गायल्या. त्यावर त्या म्हणाल्या, "अगंबाई! तो तर माझ्या तिसऱ्या परीक्षेला होता." आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

मैत्रिणींनो, पाहुण्यांना चहा दुसऱ्या कुणी दिला असता तर काही बिघडलं नसतं. पण "मी चार वाजेपर्यंत घरी नाही" हे त्या घरात आधी कुणाला माहीतच नव्हतं. म्हणून माझं सांगणं असं, की गाण्याला जायचं ते लपतछपत, कामातून निसटून जाऊ नका. आठ दिवस आधी घरात सांगा. दवाखान्याची वेळ घेतली की सांगतो ना, तसं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. सासूबाईंना बरोबर घ्या. भजनात वाढलेल्या त्या बायकांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात! ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत या दिवसांत मण्यांची विरळणी चालते. काही मणी काढल्याशिवाय उरलेले पोसत नाहीत. आपल्या दिवसाच्या कामांचीही अधूनमधून अशी विरळणी करायला हवी.

पुण्याला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. मग अशी सकाळ किंवा दुपार आपल्याच गावात का करू नये? त्यासाठी काही सूचना देते.

पैसे: संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण हळदीकुंकू करतो आणि वाण लुटतो. डबे, गाळण्या, वाट्या! दरवर्षीच्या या वस्तूंनी फडताळं भरली आहेत. यंदा चाळीसजणींनी वाणाचे पन्नास-पन्नास रुपये एकत्र केले, तर दोन हजार होतात. आणि गाण्याची एक दुपार हेच सगळ्यांचं वाण! गाणारीला आणि तबलजींना मानधन किती ते आधी विचारून ठरवा, आणि कार्यक्रमाच्या दिवशीच पाकिटात घालून, नारळाबरोबर हातात द्या. "तुमच्या कलेची प्रसिद्धी होईल" असं म्हणून फुकट गाऊन घेऊ नका. तिचाही संसार आहे, तीही घरचं आवरूनच आलेली असते. जिला पैसे देणं जमणार नाही, तिच्याकडे सतरंजी किंवा चहाचं काम सोपवा. म्हणजे तिला संकोच वाटत नाही.

जागा: शाळेचा मोठा वर्ग, देवळाचा सभामंडप किंवा कुणाचा ऐसपैस दिवाणखाना चालेल. शाळा हवी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि नंतर वर्ग झाडून, बाकं होती तशी लावून परत करा. तीस-चाळीसजणींना ध्वनिक्षेपकाची गरज नसते. पंखे बंद ठेवा, फोन बंद ठेवा. जमिनीचा गारठा लागतो म्हणून सतरंजीखाली पोती किंवा जुन्या चादरी घाला.

वेळ: दीड ते साडेतीन. दोन ते चार ठेवलं की शेवटी निम्म्याजणींचं लक्ष घड्याळाकडे लागतं, असा आमचा अनुभव आहे. दुपारची बैठक असली म्हणजे भीमपलासी, पटदीप, मधुवंती, मुलतानी असे दुपारचे राग ऐकायला मिळतात. आता पाहा, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. क्वचित एखाद्या दिवशी सवलत मिळते तेवढीच. त्यामुळं पूर्वीसारख्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली पुण्याच्या उत्सवातही उरल्या नाहीत. पण त्यातून एक लाभ झाला. उत्सव दुपारी सुरू होतो, आणि दुपारच्या रागांना पुन्हा मान मिळाला!

काय शिकवावं: गाणाऱ्या बाईंना आधीच सांगा, की आम्हाला गायला शिकायचं नाही, ऐकायला शिकायचं आहे. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी पुरेत. एक तंबोरा. त्याच्या चार तारा असतात. बहुधा पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. डोळे मिटून पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐकला तरी 'सा' कानात बसतो. दुसरा त्रिताल. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात नुसता उघडून दाखवायचा. एका हाताच्या चार बोटांवर चार वेळा मोजलं की सोळा झाल्या. सोळा संपून पुन्हा पहिली मात्रा आली की ती सम. गाणारी फिरून फिरून तिथंच येते. एकदा का समेवर आपली मान आपोआप हलली, की मग "आपल्याला कळत नाही" हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही. पोळ्या लाटताना रेडिओवर गत लागली तर मोजून पाहा. पहिले दोन दिवस चुकेल, तिसऱ्या दिवशी जमेल.

मुलं: लहान मुलांना आणू नका असं म्हटलं तर लेकुरवाळी बाई घरीच राहते. त्यापेक्षा शेजारच्या खोलीत कागद-खडू ठेवा आणि दोघींनी आळीपाळीनं तिथं बसा.

कुणाच्या माळ्यावर जुना तंबोरा असेल तर तो उतरवा. जुन्या तारा एकदम कसू नका, तुटतात आणि डोळ्याला इजा होते. जाणकाराकडून नव्या घालून घ्या. भोपळा नाजूक असतो, त्याला गवसणी शिवा. पेटी असेल तर भाता बंद करून, कापडानं झाकून, ओल नसलेल्या भिंतीशी ठेवा.

ज्यांना पुण्याला जायचं असेल, त्यांनी तीन-चारजणींनी मिळून जावं. मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला निम्मं तिकीट आहे. तारखा वर्तमानपत्रात येतात, त्या पाहूनच बेत करा. सकाळचे विनामूल्य कार्यक्रम शिवाजीनगरला आणि मोठा मांडव मुकुंदनगरला, ही दोन ठिकाणं लांब आहेत, गल्लत करू नका. मांडवातलं तिकीट काढणार असाल तर भारतीय बैठकीचं स्वस्त पडतं. बसायला पातळ उशी, अंगावर शाल, बरोबर दशम्या आणि तिळाचे लाडू असावेत. शेवटच्या दिवशी गेलात, तर उठायची घाई करू नका. उत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावून करण्याची तिथं प्रथा आहे.

आणि वाचायची आवड असेल तर वाचनालयात बी. आर. देवधरांचं 'थोर संगीतकार' किंवा २०२४ साली निवर्तलेल्या प्रभाताई अत्रे यांचं 'स्वरमयी' मागा.

यंदाच्या थंडीत तुमच्या गावात अशी एक तरी दुपार होऊ द्या. कितीजणी आल्या, काय ऐकलं आणि घरातून निघताना कोण काय म्हणालं, तेही जरूर कळवा. आणि हो, त्या दाराजवळ बसणाऱ्या वहिनी तुमच्याही गावात असतील. त्यांना या खेपेला तंबोऱ्याशेजारी बसवा.