विलंबाचे मोल

आमच्या व्यापारात विलंबाला मोल आहे. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या कृषी उपज मंडी अधिनियमान्वये शेतकऱ्याच्या मालाची किंमत खरेदीच्या दिवशीच चुकती करावी लागते. न केल्यास प्रतिदिनी एक टक्का अधिक द्यावा लागतो. हे बंधन न्याय्य आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न इतकाच की, ज्यांनी आमच्याकडून पूर्ण दाम आधीच घेतला, त्यांच्या विलंबाला मोल का नसावे?

गेल्या चैत्रात छावणीच्या मंडीत गव्हाची आवक भरात असता आमच्या पेढीवरील लॅपटॉप एकाएकी बंद पडला. यंत्र घेऊन सातच महिने झाले होते व हमी वर्षाची होती. उत्पादकाच्या सेवाकेंद्राने तक्रार क्रमांक दिला, यंत्र ठेवून घेतले आणि 'सुटा भाग बाहेरून यावयाचा आहे' हे एकच उत्तर देण्यास आरंभ केला. भाग आला, तो बसविल्यावर कळपट चालेना, पुन्हा प्रतीक्षा. असे एकेचाळीस दिवस गेले. मंडीत धूळ उडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दोष धुळीचा नसून मूळ भागाचाच असल्याचे त्यांच्याच कारागिराने लिहून दिले होते.

इकडे जीएसटीच्या विवरणाची तारीख कोणासाठी थांबत नाही. चुकल्यास दंड आमच्याच माथी. अखेर मुनीमजींनी रोजमेळाची जुनी वही काढली व पेढीचे काम चालले. यंत्र परत आले, तेव्हा हमीची अखेरची तारीख मात्र पूर्वीचीच होती. आमचे एकेचाळीस दिवस कोणाच्याच खाती जमा झाले नाहीत.

आम्ही पाठविलेल्या सोयाबीनमध्ये ठरल्याहून अधिक ओलावा निघाला, तर माळव्यात पाऊस फार झाला, असे सांगून आमची सुटका होत नाही. कटती मान्य करावी लागते. हाच न्याय यंत्रविक्रीसही लागू असावा.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आहे. परंतु व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणाऱ्यास तो सामान्यतः ग्राहक मानीत नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा त्यास अपवाद आहे. म्हणजे पेढीच्या नावे यंत्र घेणाऱ्यास दाराशीच वाद घालावा लागतो. केंद्र शासनाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, हे स्वागतार्ह आहे. तथापि माहिती मिळणे निराळे आणि यंत्र वेळेवर मिळणे निराळे.

म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या संघाने सभासदांची यंत्रखरेदी एकत्र करावी आणि विक्रेत्याकडून तीन अटी लेखी घ्याव्यात: दुरुस्तीची मुदत निश्चित असावी, ती टळल्यास बदली यंत्र मिळावे, आणि दुरुस्तीत गेलेले दिवस हमीत वाढवून मिळावेत. एकट्या पेढीचे कोणी ऐकत नाही. शंभर पेढ्यांची मागणी विक्रेत्यास नाकारता येणार नाही. तोवर दररोज सायंकाळी हिशेबाची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि मुनीमजींच्या वहीस अडगळ समजू नये.

आम्ही कोणाकडे सवलत मागत नाही. विलंबाचे जे मोल आम्ही देतो, तेच आम्हांस मिळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.