गोधडी मागू नये, द्यावी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

हल्ली रुखवतही भाड्याने मिळते. थर्माकोलची बैलगाडी, मण्यांची तुळस, रंगवलेल्या सुपाऱ्या, सप्तपदीची सात पावले, सगळे एका टेबलावर मांडायचे आणि पंगती उठल्या की दुकानदाराने ते पुन्हा खोक्यात भरून न्यायचे. ज्या रुखवतात नवरीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या हातचे काम दिसावे, त्यात आता दिसते ती दुकानदाराची हुशारी. पाहुणे फोटो काढतात आणि जेवायला वळतात. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते रुखवताच्या शेजारीच चालणाऱ्या दुसऱ्या व्यवहाराबद्दल, म्हणजे आहेराबद्दल.

आहेराची वही आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. कोणी किती दिले ते तीत लिहिलेले असते आणि सातबाराच्या उताऱ्याइतक्याच काळजीने ती पेटीत ठेवलेली असते. ज्याने जितके दिले तितके, जमल्यास थोडे वर, त्याच्या घरच्या कार्यात परत करायचे. याला आपण प्रेमाची भेट म्हणतो. माझ्या मते हे बिनव्याजी कर्ज आहे, आणि 'थोडे वर' धरले तर बिनव्याजीही नाही. कपड्यांचेही तेच. 'देण्याघेण्यातली साडी' म्हणून साडीची एक जातच निर्माण झाली आहे. ती नेसण्यासाठी नसतेच. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती बाहेर पडत नाही, या घरातून त्या घरात फिरत राहते. आमच्याकडे एक मोरपंखी साडी तीन वर्षांत दोनदा येऊन गेली. आई तिला 'पाहुणी' म्हणते. टोपी-दुपट्ट्याची आणि शर्टपीसची गत याहून वेगळी नाही.

घरी शिवलेली गोधडी मात्र अशी फिरत नाही. फिरवताच येत नाही. आजोबांच्या धोतराची, आजीच्या लुगड्याची, माझ्या शाळेच्या फ्रॉकची गोधडी कोणी दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून कशी देणार? ती ज्याच्यासाठी शिवली त्याच्याच अंगावर विरते. वहीत तिची किंमत लिहिता येत नाही, म्हणून तिची परतफेडही होत नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घराला परवडणारी आणि तरीही दरिद्री न वाटणारी भेट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी गोधडीचेच नाव घेईन. पण त्याला एक अट आहे. ती अट सांगण्याआधी गोधडी होते कशी ते सांगणे भाग आहे, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींनी ती पांघरली आहे पण शिवताना नीट पाहिलेली नाही.

गोधडीला वाकळही म्हणतात, आणि आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो म्हणून माझ्या आजीची ती 'वाकय'. शिवणकामाचा हंगाम उन्हाळा. शेतात काम नसते, दुपार लांब असते. आधी जुने कपडे निवडायचे. शर्टाची कॉलर, काजबटणाची पट्टी, जाड शिवणी उसवून काढायच्या, नाहीतर सुई मोडते. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर एक लुगडे ताणून पसरायचे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, त्यावर चिंध्यांचे थर लावायचे. कुठे उंचवटा येऊ द्यायचा नाही, कुठे खळगा पडू द्यायचा नाही. हे थर लावण्यातच खरे कसब आहे, टाके नंतरचे. वरून दुसरे लुगडे घालून कडेने मुडपून घ्यायचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. दोन ओळींत बोटभर अंतर. बाळंतिणीच्या खोलीतले दुपटे असेल तर अंतर आणखी कमी, आणि कापड जितके जुने तितके चांगले. वीस वर्षे धुतलेले सुती लुगडे बाळाच्या अंगाला टोचत नाही, ओल शोषून घेते, आणि फेकावे लागले तरी जीव हळहळत नाही. बारशाला मिळणाऱ्या झगमगीत झबल्यांत हे तीन गुण एकत्र मी अजून पाहिलेले नाहीत.

आता गंमत पाहा. हे सगळे सुती कापडावर उभे आहे आणि कापसाच्या या मुलखात सुती चिंधी मिळेनाशी झाली आहे. आमच्या तीन एकरांत कापूसच असतो. पण घरातली पेटी उघडली तर आजीची दोन लुगडी सोडून बाकी सगळे पॉलिस्टर. पंचवीस-तीस वर्षांत वापराच्या साड्या हळूहळू कृत्रिम धाग्याच्या झाल्या. स्वस्त, टिकाऊ, इस्त्री नको, लवकर वाळणाऱ्या. शेतात राबणाऱ्या बाईने त्या पसंत केल्या यात तिचे काही चुकले नाही. पण त्यांची वाकळ होत नाही. आजी म्हणते, "हे लुगडं सुईले धरत नाही वं माय, आंगावरून घसरते." घाम शोषत नाही, थंडीत गार लागते, विस्तवाची ठिणगी पडली तर वितळून चिकटते. 'आजकालच्या बायका आळशी झाल्या, गोधड्या शिवत नाहीत' असे जी वडीलधारी मंडळी म्हणतात त्यांनी एकदा आपल्या घरची पेटी उघडून पाहावी.

कापूस पिकवायचा एकाने आणि सूत, कापड, नफा दुसरीकडे, ही वऱ्हाडची जुनीच कथा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथल्या दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, अमरावती-खामगावच्या बाजारांना भरभराट आली. इतिहासाच्या तासाला हे आम्ही शिकलो. पण ज्या राज्यांचा कापूस तेव्हा अडला त्यांपैकी अलाबामामध्ये, जीज बेंड नावाच्या खेड्यात, गोधड्या शिवणाऱ्या बायका आहेत हे मला अलीकडे कळले. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांच्या त्या वंशज. कामावरचे फाटके कपडे जोडून त्यांनी घरच्यांसाठी पांघरुणे केली, थंडीसाठी, दाखवण्यासाठी नव्हे. २००२ मध्ये तीच पांघरुणे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागली आणि २००६ मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. जवळचे उदाहरण हवे असेल तर उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांचे घ्या. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

जीज बेंडच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नाव झाले, पैसा आला, आणि त्या पैशातला आमचा वाटा कुठे म्हणून २००७ मध्ये काही शिवणाऱ्या बायकांनी कोर्टात दावे लावले. मालाचे कौतुक झाले म्हणजे हाताचा हिशेब झाला असे नाही. आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या दुकानांत हातशिलाईची गोधडी आता हजारांच्या भावाने विकली जाते. बचत गटांनी गोधड्या विकाव्यात असे माझ्या मैत्रिणी म्हणतात. जरूर विकाव्यात. पण भाव ठरवताना कापडाबरोबर तास मोजावेत. तास न मोजण्याची सवय आपल्याला घरातच लागते. मी म्हणते ती अट इथेच येते.

यंदा वैशाखात माझ्या ताईचे लग्न आहे. साक्षगंध झाले. माणसे भली आहेत, हुंड्याचा शब्द त्यांनी काढला नाही. पण बोलाबोलीत निघाले की पलंग-गादी तर द्यालच, आणि तुमच्याकडे हातच्या गोधड्या सुरेख होतात असे ऐकले, तर घरातल्या पाच माणसांना पाच द्या, शहरात त्यांना फार मान आहे. सगळे हसले. बाबांनी मान डोलावली. आईच्या मनात ताईसाठी एक गोधडी होतीच. आजीच्या दोन लुगड्यांपैकी एक त्यासाठी काढूनही ठेवले होते. त्या एकीच्या पाच झाल्या, आणि मागणाऱ्याला आपण काही मागितले असे वाटलेसुद्धा नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईने मामाच्या नातवासाठी मोठी गोधडी शिवली तेव्हा मी रोज तिच्याजवळ बसत असे. दुपारी दोन तास, असे सव्वीस दिवस लागले. बावन्न तास. पाच गोधड्यांचे दोनशे साठ. आठ तासांचा दिवस धरला तर बत्तीस दिवसांहून जास्त. निंदणाची मजुरी दिवसाला अडीचशे धरली तर आठ हजारांवर रक्कम होते, आणि ती लग्नाच्या कोणत्याही यादीत नाही. पाच गोधड्यांना पुरेल इतके जुने सुती कापड घरात नाही, म्हणजे नवे विकत आणून ते फाडावे लागेल. त्यात आईचे डोळे. आणि हे दिवस वेचणीचे, दुपार मोकळी नसते, म्हणजे काम रात्री दिव्याखाली. मी हा हिशेब कागदावर मांडून आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "देऊन टाकू वं माय, पोरीले बोल लागाले नोको." हेच ते. ज्या भेटीमागे 'बोल लागेल' ही भीती आहे तिला मी भेट म्हणणार नाही, मग तिला टाके कितीही सुबक असोत. मागून घेतलेली गोधडी आणि वहीत लिहिलेला आहेर यांत मला काडीचा फरक दिसत नाही. उलट आहेराचे पैसे निदान वहीत तरी दिसतात.

माझे गाव वलगाव, अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो आमच्याच गावाजवळ, पेढी नदीपाशी. बाबांचे हातातले गाडगे आणि खराटा सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्या अंगावर ठिगळे जोडलेले वस्त्र असे आणि काही भागांत लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, हे आम्हा वलगावकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. कर्ज काढून लग्ने करू नका, मुलांना शिकवा, हे त्यांनी गावोगाव कीर्तनांतून सांगितले. आम्ही दरवर्षी २० डिसेंबरला त्यांना हार घालतो. तुळशीचे लग्न तोवर आटोपलेले असते, लग्नसराई सुरू असते, आणि मंडपवाल्याची उचल भागवण्यासाठी घरातला कापूस भाव चढण्याची वाट न पाहता व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपण निबंधात घालतो. अंथरूणच दुसऱ्याला द्यायचे असेल तर पाय कुठे पसरावेत, याबद्दल म्हणीत काही नाही.

माझ्या घरात पहिल्यांदा कॉलेजात आलेली मी. त्यामुळे काही मंडळी म्हणतात, चार पुस्तके वाचून पोरगी जुन्या रीती मोडायला निघाली. तसे नाही. मला स्वतःला शिवायला आवडते. हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मैत्रिणीला तिच्या वाढदिवसाला मी उशीचा अभ्रा शिवून दिला, आमच्या दोघींच्या जुन्या ओढण्यांचा. तिने तो मागितला नव्हता आणि त्याबदली मला काही द्यावे असेही तिला वाटले नाही, एवढेच त्यातले समाधान. ताईसाठी गोधडी होणार, तीही आजीच्या लुगड्याचीच. वाद आहे तो उरलेल्या चारांचा. माझे म्हणणे असे की ताईच्या सासरच्यांनी आपापली जुनी सुती वस्त्रे पाठवावीत, आणि उन्हाळ्यात, लग्न झाल्यावर, दोन्ही घरच्या बायकांनी मिळून वाटेल तर शिवावीत. बाबा म्हणाले, असे निरोप पाठवता येत नाहीत. का येत नाहीत, हे अजून त्यांना मला सांगता आलेले नाही.

दुसरी गोष्ट बायकांची नव्हे, पुरुषांची. गोधडी धुणे हे दोन माणसांचे काम, ओली गोधडी एकट्या बाईला पिळत नाही. दसऱ्याच्या आधी गोधड्या धुवायला काढल्या की एक टोक बाबा धरतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मग शिवताना थर लावायला, कोपरे धरायला पुरुषाचा हात लागला तर काय बिघडले? शिंप्याचा धंदा करणारे पुरुषच आहेत ना? या अंकाच्या वाचकांत मुलांची संख्या मोठी आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. आईला आता सुईचे नाक दिसत नाही. माझा धाकटा भाऊ दहावीत आहे. रोज रात्री अभ्यासाला बसण्याआधी तो दहा-बारा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवतो. पहिले दोन दिवस त्याने कुरकुर केली. आता विचारावे लागत नाही.